पंचविसाच्या पुढचा पाऊस

मित्रांनो, मी एक जुना पर्जन्यमापक आहे. पाऊस मोजणे एवढेच माझे काम, आणि आयुष्यातली अकरा वर्षे ते काम अशा माणसाच्या हाती होते की ज्याला मोजता येत नव्हते. माझ्या बोलण्यात कडवटपणा आढळला तर त्याचे कारण हे आहे.

आधी माझी रचना समजून घ्या, कारण पुढचे सगळे तिच्यावरच अवलंबून आहे. वर एक नरसाळे. त्याच्या खाली काचेची अरुंद नळी, आणि तिच्यावर शून्यापासून पंचवीस मिलिमीटरपर्यंत रेघा. या सगळ्याला पोटात घेणारा जस्ती पत्र्याचा एक डबा. पाऊस नरसाळ्यातून नळीत उतरतो. नळी भरली की वरचे पाणी ओसंडून डब्यात साठते. ज्या दिवशी पंचवीसहून जास्त पाऊस होतो, त्या दिवशी आधी नळी वाचायची आणि रिकामी करायची. मग डब्यातले पाणी त्याच नळीत पुन्हा पुन्हा ओतून मोजायचे आणि बेरीज करायची. आठ वर्षांच्या मुलाला हे जमते. माझ्या वाट्याला लिंडसे नॉस्की आला.

पण त्याच्या आधीचे दिवस चांगले होते. शहरातल्या कारखान्यात माझा जन्म झाला. पेंढ्यात गुंडाळून मालगाडीने मला विराबिलाला आणले आणि पोस्टाच्या मागच्या अंगणात, भिंतीपासून योग्य अंतरावर, एका खांबाला बसवले. विराबिला हे दोन हजार वस्तीचे गाव. भोवती ऐंशी किलोमीटरपर्यंत गहू आणि मेंढ्या. ट्रॅक्टरचा पट्टा तुटला, कुत्र्याला लस द्यायची आहे, दाढ दुखते आहे, कोणी वारले आहे, काहीही असो, माणसे इथेच येणार. आणि आली की एकमेकांना एकच प्रश्न विचारणार.

"तुझ्याकडे किती पडला?"

"बारा."

"बाराच? आमच्याकडे चौदा झाला."

बारावाला निघून गेला की चौदावाल्याला तिसरा कोणी भेटे, आणि चौदाचे सोळा होत. धान्याच्या कोठारापासून पोस्टापर्यंत अंतर चारशे मीटर. तेवढ्या अंतरात विराबिलाचा पाऊस पडून गेल्यावरही वाढत असे. मी खांबावरून हे ऐके. ही माणसे एकमेकांना मेंढी विकताना तिचे दात मोजत, पण पावसाच्या बाबतीत त्यांना कसलाच विधिनिषेध नव्हता.

अपवाद एकच होता, पोस्टमास्तरीण यूना पॅस्को. एकोणतीस वर्षे ती रोज सकाळी नऊ वाजता माझ्यापाशी आली. नऊला पाच कमी असताना नाही आणि नऊ वाजून पाच मिनिटांनीही नाही. नळी डोळ्यांच्या रेषेत धरायची, पाण्याच्या वळलेल्या पृष्ठभागाचा तळ वाचायचा, आणि मगच वहीत आकडा लिहायचा. नाताळच्या दिवशीही ती आली. तिचा नवरा हर्ब याला मूठमाती दिली त्या दिवशीही आली, काळे बूट घालून. त्या सकाळी शून्य दशांश चार मिलिमीटर पाऊस होता. तिने तेवढाच लिहिला. माझे कौतुक त्या काळात कोणी केले नाही. लोक पावसाचे कौतुक करत, जणू काही तो स्वतःच स्वतःला मोजत होता.

मग पोस्ट बंद झाले. टपाल पेपरवाल्याच्या दुकानातल्या एका कोपऱ्यात गेले, यूना निवृत्त झाली, आणि मला कुठे ठेवायचे हा प्रश्न उभा राहिला. बोलिंग क्लबचा अध्यक्ष लिंडसे नॉस्की पुढे आला. हा निवृत्त ट्रॅक्टर-विक्रेता. पांढरे कपडे घालून हिरवळीवर गोळे घरंगळवणाऱ्या वयस्कर मंडळींचा पुढारी. पावसाचा आकडा ज्याच्याकडे असतो, त्याला गावात दहा माणसे हटकतात, हे त्याला ठाऊक होते. त्याला आकडा नको होता, ती दहा माणसे हवी होती.

मला क्लबच्या हिरवळीच्या कडेला बसवले, आणि यूना त्याला सगळे समजावून सांगायला आली.

"यूना, अगं बाटलीतलं पाणी वाचायचंय. विमान नाही चालवायचं मला."

"तरी एकदा ऐकून घे. जास्त पाऊस झाला की..."

"की मी जास्त लिहीन! झालं?" असे म्हणून तो हसला, आणि हिरवळीची निगा राखणारा डगही हसला, कारण पगार क्लबचा होता. यूनाने तरीही एक पानभर सूचना लिहून दिल्या. त्या कागदावर लिंडसेने बिअरचा ग्लास ठेवला आणि उठताना कागद तिथेच राहिला.

पहिल्याच उन्हाळ्यात विराबिलामध्ये एक चमत्कार घडला. आभाळात ढगाचा ठिपका नसताना दर मंगळवारी दोन मिलिमीटर पाऊस नोंदला जाऊ लागला. मंगळवारी डग हिरवळीवर पाण्याचा फवारा लावत असे. सात मंगळवार गेल्यावर डगनेच कंटाळून फवारा हलवला. लिंडसेच्या काहीच लक्षात आले नाही. नऊ वाजताची नोंद साडेनऊला, पुढे दहाला होऊ लागली.

आणि मग पहिला जोरदार पाऊस झाला. नळी काठोकाठ भरली, डबा अर्धा भरला. सकाळी लिंडसे आला, नळी उचलून बघितली आणि खूश झाला. "पंचवीस! बरोब्बर पंचवीस, डग! ना कमी, ना जास्त!" मग त्याने नळी रिकामी केली, आणि डबा उचलून त्यातले सगळे पाणी गवतावर ओतून दिले.

मित्रांनो, मला तोंड नाही. त्या सकाळी मला ते पहिल्यांदा हवेसे वाटले.

अकरा वर्षे असेच चालले. नळीत मावणारे छोटे पाऊस बरोबर नोंदले गेले. मोठे पाऊस सगळे पंचवीसचे झाले. गावाने ते मान्य केले. शहरातल्या ज्या कार्यालयाकडे दर महिन्याला नोंदी जात, तिथेही कोणाची भुवई वर गेली नाही. लिंडसेला तर या आकड्याचा अभिमान वाटू लागला. "विराबिलाचा पाऊस शिस्तीचा," असे तो बारमध्ये सांगे. "पंचवीसला थांबतो." ऐकणाऱ्यांच्या स्वतःच्या शेतात त्याच दिवशी साठ-सत्तर झालेला असे. पण स्वतःचा आकडा फुगवण्याची ज्याला सवय असते, त्याला वाटते की आपण नेहमीप्रमाणे जरा जास्तच सांगत असू.

यूनाचे घर ओढ्याकाठच्या गल्लीत होते. तिथे पाच घरे. रस्त्याखालून ओढ्याचे पाणी पलीकडे नेणारी मोरी अरुंद होती, आणि मोठा पाऊस झाला की पाणी तुंबून घरांत शिरे. पाच घरांनी पालिकेकडे मोठ्या मोरीची मागणी केली होती. एके दिवशी यूना हातात पालिकेचा अहवाल घेऊन क्लबवर आली. तेव्हा ती अठ्ठ्याहत्तर वर्षांची होती. तिने लिंडसेला तो माझ्यासमोरच वाचून दाखवला.

"'गेल्या अकरा वर्षांत एका दिवसात पंचवीस मिलिमीटरहून अधिक पाऊस झालेला नाही. सबब सध्याची मोरी पुरेशी आहे.' पुढच्या गुरुवारी यावर सभा आहे, लिंडसे. अहवाल मंजूर झाला की मोरी होणार नाही. मला हे घर सोडून बहिणीकडे शहरात जावं लागेल. आणखी एकदा घरातलं पाणी उपसायची ताकद नाही माझ्यात."

"वाईट वाटतं गं. पण वही खोटं बोलत नाही ना."

"वही बघू का जरा?"

त्याने वही दिली. ती क्लबच्या बाकावर बसून तासभर पाने उलटत राहिली. अकरा वर्षांत एकतीस वेळा पंचवीस. एकदाही सव्वीस नाही. तिने चष्मा काढला, माझ्याकडे बघितले, आणि तिला कळले. पण ती शास्त्र शिकलेली बाई होती. स्वतःच्या डोळ्यांनी पाहिल्याशिवाय ती कोणावर आरोप करणार नव्हती.

"पुढचा मोठा पाऊस झाला की नोंद घेताना मी इथे उभी राहिले तर चालेल?"

"ये की! बिअर पाजतो वर."

आता अडचण अशी की पाऊस हवा होता, तोही गुरुवारच्या आधी. शुक्रवार कोरडा गेला. शनिवार, रविवार, सोमवार, आभाळ पत्र्यासारखे लखलखीत. यूना रोज क्लबच्या कुंपणाशी येऊन पश्चिमेकडे बघून जाई. मंगळवारी दुपारी पश्चिम काळवंडली, आणि तीन तास असा पाऊस कोसळला की समोरचे कोठार दिसेना.

बुधवारी साडेआठलाच यूना आली. तिच्या गुडघ्यापर्यंत चिखल होता. कपडे धुण्याच्या खोलीत तिच्या घोट्याच्या वर पाणी होते. नऊ वाजले. तिने मनगटावरचे घड्याळ बघितले. लिंडसे दहाला वीस कमी असताना आला.

"बघ, बघ," त्याने नळी उंच धरली. "पंचवीस! काय सांगत होतो?"

"लिही."

त्याने लिहिले. नळी झटकली. मग सवयीने डबा उचलला आणि कलता केला. यूनाने त्याचे मनगट धरले.

"हे काय आहे, लिंडसे?"

"कुठे काय? सांडलेलं पाणी आहे."

"कुठून सांडलेलं?"

"वरून."

"वरून म्हणजे आभाळातून ना?"

लिंडसेने डब्यात बघितले. मग माझ्या नरसाळ्याकडे, मग पुन्हा डब्यात. डगने गवत कापण्याचे यंत्र बंद केले.

"नळी धर," यूना म्हणाली. "मी ओतते. डग, तू आकडे सांग."

"पंचवीस," डग म्हणाला. नळी रिकामी झाली, पुन्हा भरली. "पंचवीस." पुन्हा भरली. "अकरा... अकरा पॉइंट चार."

"एकूण?"

"शहाऐंशी पॉइंट चार," डग पुटपुटला. "अरे बापरे. अध्यक्ष, आपण ते सगळं एवढी वर्षं गवताला घालत होतो?"

"तू गप्प बस."

"मी फक्त विचारलं."

लिंडसेची मान लाल झाली होती. तो लाल रंग मी मनापासून उपभोगला. तो हळू आवाजात म्हणाला, "यूना, सभेत हे... गावात तोंड दाखवायला जागा उरणार नाही गं."

"मोरी मोठी झाली पाहिजे. ते कसं सांगायचं ते तू ठरव. पण वहीत खोटं राहणार नाही."

गुरुवारची सभा मी पाहिली नाही. शुक्रवारी सकाळी डगने गवत कापता कापता मोठ्याने सगळे सांगितले. लिंडसे उभा राहिला, छाती पुढे काढली, आणि म्हणाला की पर्जन्यमापक जुना झाला आहे, यंत्राने दगा दिला, बुधवारी आपल्याला संशय आला म्हणून आपण स्वतः तपासले आणि खरा आकडा शहाऐंशी निघाला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. यूना उठली आणि एवढेच म्हणाली, "शहाऐंशी पॉइंट चार." मोठी मोरी मंजूर झाली. माझ्या जागी विजेवर चालणारे नवे यंत्र आणायचेही ठरले. म्हणजे चूक त्याची आणि निवृत्ती माझी.

त्याच दिवशी दुपारी यूना वही मागायला आली. लिंडसेने ती आणून दिली. ती बाकावर बसली आणि त्याला शेजारी बसायला लावले.

"तारखा वाच. पंचवीस असेल तिथे थांब."

बुधवारचा पंचवीस खोडून तिने आधी शहाऐंशी पॉइंट चार लिहिले, मग तो वाचू लागला. प्रत्येक पंचवीसच्या आधी ती लाल शाईने एकच शब्द लिहीत गेली, 'किमान'. त्या दिवशी खरा पाऊस किती झाला हे आता कोणीच सांगू शकणार नव्हते. त्यापेक्षा कमी नव्हता एवढेच खात्रीने म्हणता येत होते. सतराव्या तारखेला लिंडसे अडखळला.

"यूना, या दिवशी तुझा पियानो पाण्यात गेला ना? आम्ही सगळे पाणी उपसायला आलो होतो."

"हो."

"मी सकाळी इथे नोंद केली, आणि मग तुझ्याकडे आलो. बादली घेऊन."

"हो. चांगल्या भरून बादल्या काढल्यास तू."

उरलेल्या तारखा त्याने जेमतेम ऐकू येतील अशा वाचल्या. एकतीस संपल्यावर यूनाने शेवटच्या पानावर, शेरा लिहायच्या रकान्यात, दोन वाक्ये लिहिली आणि मोठ्याने वाचली. "'यंत्रात दोष नाही. अकरा वर्षे बाहेरच्या डब्यातले पाणी मोजले गेले नाही.'"

"सही कर."

"तुझी पुरेल ना?"

"मी नव्हते मोजत."

त्याने दोन्ही वाक्ये स्वतः पुन्हा वाचली. मग लिंडसे नॉस्कीने पेन घेतले आणि पूर्ण नावाने सही केली. मोठ्या पावसाबद्दल त्याच्या अकरा वर्षांतली ती पहिली खरी नोंद होती.

मित्रांनो, आता मी क्लबच्या पडवीत एका फळीवर आहे. तुम्ही मला पुसावे, रंगवावे, कुठे मांडून ठेवावे, असे मला मुळीच वाटत नाही. तसल्या प्रेमाचा मला कंटाळा आहे. माझी विनंती एवढीच, की तुमच्या हाती एखादे मोजायचे साधन आले, तर ते कसे चालते हे आधी विचारा आणि सांगणाऱ्याचे वाक्य पुरे होऊ द्या. कोणी तरी त्या आकड्याच्या भरवशावर सखल जागी राहत असते.