भिंतीकडची बाजू

इलारिओच्या कमरेला तलवार लटकली त्या दिवसापासून तो घरी येईपर्यंत मी दारातच बसून राहायचे. शेजारणी म्हणायच्या, "तोमासाबाई, लेकानं नाव काढलं हो." काढलं, नाही कोण म्हणतंय? मी जन्मले गुलाम, आणि माझा लेक मिश्र रक्ताच्या पलटणीत कप्तान. पण आमच्यापैकी कुणी गोऱ्यावर तलवार उपसली, की आमच्या कार्ताहेना शहराच्या चौकात तो हात मनगटापासून तोडतात. मग कप्तानाचा असो की हमालाचा. असा एक हात मी खांबाला ठोकलेला पाहिलाय. माश्या घोंगावत होत्या.

त्या दिवशी मी धुणं आटोपून येत होते. डोक्यावर बोचकं, हातात धोपाटणं. इलारिओ वाटेत भेटला. बोचकं अर्थात माझ्याच डोक्यावर राहिलं. गणवेशाला शोभत नाही म्हणे. तो भिंतीकडून, सावलीतून ऐटीत चालला होता.

समोरून फाउस्तो आला, बरोबर दोन मित्र. फाउस्तो आणि इलारिओ एकाच बापाचे. तो धनीणबाईंचा, हा माझा. दूध मात्र दोघांना माझंच. आधी त्याला, उरलंसुरलं माझ्या लेकराला.

गोरा समोर आला की आपण भिंत सोडायची आणि रस्त्यामधल्या गटारात उतरायचं, ही आमच्याकडची रीत.

"सरक रे शिंप्या," फाउस्तो म्हणाला. इलारिओचं पोट शिलाईवरच होतं.

"कप्तान म्हणायचं. राजाचा गणवेश आहे."

"होय का? मला वाटलं, आमच्या गाडीवानाचा जुना कोट उसवून शिवलायस."

मी म्हटलं, "उतर रे बाळा खाली. पाय काय, धुता येतात."

"आई, तू मध्ये पडू नकोस."

फाउस्तोनं हातातली काठी सरळ त्याच्या तोंडावर मारली. ओठ फाटला, दात खाली पडला. दुसऱ्या फटक्याला गाल उघडा पडला. इलारिओनं पाठ भिंतीला टेकवली, पण भिंत सोडली नाही. मेल्याचा हट्ट बापाचाच. मग फाउस्तोनं माझ्याकडे वळून मला लाथ घातली. मी गुडघ्यावर आले, बोचकं गटारात. त्याच्याच घरचे सदरे होते त्यात.

इलारिओचा हात मुठीवर गेला. वीतभर पातं बाहेर आलं. मी फाउस्तोच्या मित्रांकडे पाहिलं. हसत होते दोघं. त्यांना हेच हवं होतं.

माझ्या डोळ्यांपुढे तो खांब आला. मी उठले, धोपाटणं उचललं आणि लेकाच्या कोपरावर हाणलं. हाड मोडल्याचं मला हातात कळलं. तरी बोटं सुटेनात, म्हणून पुन्हा हाणलं. तो गटारात कोसळला आणि ओरडला, जन्मल्यावर ओरडला होता तसा.

फाउस्तो पोट धरधरून हसला. "शाबास, दाईआई." लहानपणी तो मला हेच म्हणायचा. भिंतीच्या कडेनं तो निघून गेला. तेव्हाच पाजलं नसतं तर बरं झालं असतं, असं वाटलं मला. अजूनही वाटतं.

हात वाकडाच बसला. तलवार गेली, कप्तानकी गेली, सुईसुद्धा धरवेना. पलटणीतले लोक भेटायला आले. "कुणी मोडला?"

इलारिओनं माझ्याकडे पाहिलं. "फाउस्तोनं," तो म्हणाला. "तिघं होते. मी भिंत सोडली नाही."

आता सगळीकडे हेच सांगतात. वाघ म्हणतात त्याला. मी मासा काटे काढून देते, तो डाव्या हातानं खातो. आई म्हणून हाक मारत नाही.

काल शेजारीण त्याच्यासमोर बसून डोळे पुसत होती. "ज्या हातानं हा हात मोडला, तो हात झडो."

इलारिओ जेवायचा थांबला.

"झडो," मी म्हटलं, आणि त्याच्या ताटलीत मासा वाढला.