फुगवटा

“बाबा, नक्की कुठून बघायचं?” लेकीने भिंतीवरच्या चित्रासमोर तिसऱ्यांदा जागा बदलली.

“कुठूनही बघ. मध्ये चेंडू वर आल्यासारखा दिसेल.”

“मला फरशी दिसतेय. बाथरूमची.”

“चेष्टा पुरे,” आई म्हणाली आणि चष्मा पुसून स्वतःच पाहू लागली. “अहो, खरंच सपाट आहे हो.”

बाबा बाहेर सगळ्यांचे ‘सर’; सरांनी तंत्रनिकेतनात एकतीस वर्षे ड्रॉइंग शिकवले होते. निवृत्तीनंतर ते काळ्या-पांढऱ्या चौकोनांची चित्रे काढत. मध्याकडे येताना रेघांना मोजून बाक दिला, की सपाट कागद फुगलेला भासे. प्रत्येक चित्राच्या कोपऱ्यात जुन्या सवयीने चौकट असे: ‘रेखाटले’, ‘तपासले’. दोन्हीकडे त्यांचीच सही.

गेले सहा महिने फुगवटा फारच ठळक येत होता. आता कुठे हात बसला, अशी त्यांनी समजूत करून घेतली आणि दर चित्रात बाक थोडा कमी केला. या चित्रात तो अगदी बेताचा वाटला होता.

त्यांनी पोलादी पट्टी आणून मधल्या रेघेवर टेकवली. रेघ तिच्या कडेला तंतोतंत लागली. दोन्ही मिळून वाकल्या होत्या.

सरांनी पट्टीच्या कडेवरून बोट फिरवले; बोटाला ती सरळच लागली.

दुसऱ्या दिवशी डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंनी पुढे केलेल्या कार्डावर चौकोनांचीच जाळी होती.

“रेघा कशा आहेत?”

“सरळ.”

“दिसतात कशा?”

“छापील आहेत, म्हणजे सरळच असणार.” सर थांबले. “दिसतात वाकड्या. दोन्ही डोळ्यांनी.”

“पडद्याचा मधला भाग खराब होतोय. लवकर यायला हवं होतं.”

“मला वाटलं, चित्रं चांगली होताहेत.”

सोबत आलेली लेक खिडकीबाहेर पाहू लागली.

“गेलेली नजर परत आणता येत नाही,” बाई म्हणाल्या. “इंजेक्शनं देऊ. उरलीय ती टिकते का बघू.”

घरी आल्यावर आईने विचारले, “चित्र उतरवून ठेवू का?”

“नको. खोडरबर दे.”

सरांनी ‘तपासले’ समोरची स्वतःची सही सावकाश खोडली आणि पेन्सिल आईपुढे धरली.

“इश्श! मला काय कळतं त्यातलं?”

“सपाट आहे म्हणालीस ना? बरोबर होतं ते. कर सही.”

ती वाकली. चौकट तिला लगेच दिसली. तरीही सरांनी पट्टी टेकवून तिच्या कडेने चाचपत बोट तिथवर नेले आणि तिची सही होईपर्यंत ते तसेच धरून ठेवले.