हलक्या पोत्याचा संशय

मित्रांनो, जवळ या, पण पाय जरा मागे घ्या. कुणाचा अंगठा माझ्या फळीवर टेकलेला नाही ना, एवढं मला आधी पाहू द्या. हां, आता ठीक. मी भिंगारच्या जुन्या बाजारातल्या एका भुसार दुकानाचा वजनकाटा आहे. लोखंडी अंग, खाली पोतं ठेवायची फळी, वर आडवी दांडी आणि दांडीवर सरकणारं वजन. संशय घेणं हा माझा स्वभाव आहे. तुम्ही म्हणाल, हा काय गुण झाला? पण माझ्या अंगावर काय काय चढून गेलं ते ऐकलंत, तर तुम्हीही माझ्यासारखेच व्हाल.

माझा जन्म गुजरातेतल्या एका कारखान्यात झाला. तिथून रंगनाथशेठ मला ट्रकने घेऊन आले आणि हळदकुंकू लावून त्यांनी मला दुकानात बसवलं. फोडायचा नारळसुद्धा त्यांनी आधी माझ्यावर ठेवून पाहिला होता. मग बाजरी आली, हुलगे आले, तूर आणि हरभरा आला. पाणी शिंपडलेली पोती आली, तळाला खडे भरलेली आली. एका बाईने पोत्याआडून माझ्या फळीवर हळूच पाय टेकवला होता आणि तोंड असं केलं होतं की जणू देवळात उभी आहे. तेव्हापासून मी कुणाच्या तोंडाकडे पाहून वजन करत नाही.

वजनमापे खात्याचे साहेब दरवर्षी येत, मला तपासत आणि शिक्का मारून जात. शेठ चारचौघांत सांगत की माझा काटा माझ्याशी भांडेल, पण खोटं बोलणार नाही. मला ते ऐकायला फार आवडायचं. शेठ आणखी एक गोष्ट सांगत. जड पोत्यात पाणी बघावं आणि हलक्या पोत्यात किडा बघावा. गोदामात ठेवलेलं पोतं पुन्हा वजन केल्यावर कमी भरलं की ते लोखंडी नळी घेऊन यायचे, पोत्यात खुपसायचे आणि आतले दाणे तळहातावर घेऊन फुंकर मारायचे. किडलेला दाणा वरून दाण्यासारखाच दिसतो, पण फुंकर मारली की उडून जातो.

शेठ गेले. त्यांचा मुलगा गोरक्षनाथ टेम्पो घेऊन गावोगाव खरेदीला फिरू लागला आणि गल्ल्यावर त्याची बायको आरती बसू लागली. तिचा हिशोब चोख होता आणि जीभ गोड होती. पण तिचं वजन फार होतं. दुकानाच्या दोन पायऱ्या चढताना ती कठडा धरून थांबायची. गुडघे दुखायचे, साखर वाढली होती. शेवटी नगरच्या डॉक्टरांनी वजन कमी करण्याचं ऑपरेशन सुचवलं. जठराचा मोठा भाग काढून टाकायचा, म्हणजे माणूस थोडं खातो आणि हळूहळू उतरतो.

ऑपरेशन झालं, पण बाजाराला सांगितलं गेलं की आरती माहेरी श्रीरामपूरला गेली आहे. ही कल्पना तिच्या सासूची, म्हणजे झुंबरबाईंची. पोट कापून बारीक झाली असं लोक म्हणतील, याची त्यांना लाज वाटत होती. ती परत आली तेव्हा लोकांनी विचारलं, तर उत्तर ठरलेलं होतं. माहेरचं पाणी मानवलं. मित्रांनो, माहेरच्या पाण्याने सुना भरतात, उतरत नाहीत. झाकून ठेवलेल्या गोष्टीत कुठेतरी खोट निघतेच, अशी शंकेची पाल माझ्या मनात तेव्हाच चुकचुकली.

दर रविवारी दुकान बंद करताना गोरक्षनाथ शटर अर्धं खाली ओढायचा आणि आरती माझ्या फळीवर उभी राहायची. दर खेपेला दांडीवरचं वजन मागे सरकवावं लागायचं. गोरक्षनाथ खूश व्हायचा. एकदा तर त्याने पेढे आणले. डॉक्टरांनी ठरावीक दिवसांनी रक्त तपासायला बोलावलं होतं, पण पहिल्या दोन खेपांनंतर कुणी गेलं नाही. घरचा काटा चांगलं सांगतोय, मग दवाखान्याच्या रांगेत दिवस कशाला घालवायचा, असं गोरक्षनाथ म्हणाला आणि आरतीनेही मान हलवली. धान्याच्या व्यापाऱ्याचं घर ते. त्यांनी माझ्यावर विश्वास ठेवला. मला मात्र तो विश्वास बोचत होता. गोदामातलं पोतं आठवड्याआठवड्याला असं हलकं झालं असतं, तर या घरात कुणी पेढे आणले असते का?

मी आरतीवर नजर ठेवू लागलो. ती सकाळीच दमलेली यायची. गल्ल्यावर बसली की डोळे मिटायचे आणि कुणी हाक मारली की दचकून उघडायचे. पूर्वी जी बाई हरभऱ्याचं पोतं एका बाजूने धरायची, तिला आता सुतळीची गाठ सोडताना मध्येच दमून हात खाली घ्यावा लागत होता. हिच्यातून काहीतरी चोरीला जातंय, अशी माझी खात्री झाली. मग चोर कोण?

पहिला संशय मी झुंबरबाईंवर घेतला. त्या रोज सकाळी स्टीलचा पेला पदराखाली झाकून आणायच्या, कागदाच्या पुडीतून काहीतरी काढायच्या आणि आरतीच्या हातावर ठेवायच्या. ती ते पेल्यातल्या घोटाबरोबर गिळायची. पेला रिकामा होईपर्यंत झुंबरबाई हलायच्या नाहीत. उघड द्यायची गोष्ट माणूस झाकून का आणेल?

दुसरा संशय गिऱ्हाइकांवर. आमच्याकडे माल घेऊन आलेल्या शेतकऱ्याला चहा द्यायची रीत आहे आणि दुकानदाराने त्याच्याबरोबर बशीभर तरी घ्यायचाच असतो. नाही घेतला तर शेतकरी समजतो की शेठच्या मनात काहीतरी आहे, आज भाव पडणार. पूर्वी आरती एखाददुसरा चहा घ्यायची. आता भाकरी चतकोरसुद्धा जात नव्हती, पण चहा मात्र सहज उतरायचा, आणि नको म्हटलं असतं तर कारण सांगावं लागलं असतं. त्यामुळे जो येईल त्याच्याबरोबर बशी. बशी प्यायली की घटकाभर डोळे उघडे राहायचे, आणि मग पुन्हा तेच.

तशातच पाथर्डीकडचा आसाराम बाजरी घेऊन आला. जुना, भला माणूस. पोतं चढत होतं, उतरत होतं. आरतीचा एक हात माझ्या दांडीवर होता आणि त्या हातावरच तिची मान कलली. हमालांना वाटलं वजन झालं. त्यांनी पोतं उचलून आत नेलं. आसारामने आत गेलेल्या पोत्याकडे पाहिलं. मग जवळ येऊन हळूच म्हणाला, "वहिनी, येक पोतं तसंच आत गेलं बघा. म्या बोललो नस्तो, पन लेकराबाळाचं हाय."

आरतीचा चेहरा पांढरा पडला. पोतं बाहेर आणलं, वजन केलं, माफी मागितली. आसाराम काही वाईट बोलला नाही, पण बाजाराला तोंड असतं. संध्याकाळपर्यंत कुजबुज सुरू झाली की रंगनाथशेठच्या दुकानात आता काटा मारतात. मित्रांनो, मला काय वाटलं असेल? आयुष्यभर मी दुसऱ्यांवर संशय घेतला आणि आता अख्खा बाजार माझ्याकडे तिरप्या नजरेने पाहत होता.

गोरक्षनाथ आला तो तडकूनच. त्याने आधी प्रमाणित वजनं ठेवून मला तपासलं. मी तसूभरही चुकलो नव्हतो. मग तो आरतीकडे वळला आणि म्हणाला की उद्यापासून तू घरी बस, इथे मी नोकर ठेवतो.

आरती आवाज न चढवता म्हणाली, "घरीच बसायचं होतं, तर मी पोट कशाला कापून घेतलं?"

गोरक्षनाथ गोंधळला. त्याने तिला माझ्यावर उभं केलं. वजन आणखी उतरलं होतं. तो म्हणाला की बघ, सगळं तर बरोबर चाललंय, मग तुला झालंय तरी काय? त्याचा प्रश्न खोटा नव्हता. त्याला खरंच कळत नव्हतं.

झुंबरबाई मागे बारदानाच्या ढिगावर बसल्या होत्या. माझं सगळं लक्ष त्यांच्यावर होतं, कारण माझ्या हिशोबी चोर त्याच होत्या. त्या उठल्या, भिंतीला लटकलेली ती लोखंडी नळी त्यांनी काढली आणि लेकासमोर धरली.

"गोदामातलं पोतं हलकं झालं की तुजा बाप ही घालून बघायचा," त्या म्हणाल्या. "आत किडा हाय का, उंदीर हाय का. कवा पेढं न्हाई वाटले त्यानी. ही पोरगी इतकी हलकी झाली, हिच्यात कुनी बघितलं का रं?"

आरती माझ्या फळीवरच खाली बसली आणि रडू लागली. मग तिने एकेक सांगितलं. रात्र रात्र झोप लागत नाही. केसांतून कंगवा फिरवला की झुबका हातात येतो. जिना चढताना पूर्वी वजनाने धाप लागायची, आता वजन नसतानाही लागते. बोलली का नाहीस, असं गोरक्षनाथने विचारलं. ती म्हणाली की ज्याला त्याला आनंद झाला होता, त्यात मी दमले असं कुठल्या तोंडाने सांगू? मित्रांनो, ती एवढी हलकी झालेली बाई त्या दिवशी मला फार जड वाटली.

दुसऱ्या दिवशी तिघेही नगरला डॉक्टरांकडे गेले. परत आल्यावर दुकानात बसून झुंबरबाईंनी सगळं पुन्हा बोलून दाखवलं, म्हणून मलाही कळलं. डॉक्टर आधी रागावले. हे ऑपरेशन झालेल्या माणसाने रक्ताची तपासणी चुकवायची नसते, असं त्यांनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं. रक्त काढलं, आणि त्यात लोह कमी निघालं, बी-बारा कमी निघालं. पोट लहान झालं की खाणं कमी होतं आणि खाल्लेलंही पूर्वीसारखं अंगी लागत नाही, म्हणून तर लोहाच्या आणि जीवनसत्त्वांच्या गोळ्या जन्मभर घ्यायच्या असतात. मग डॉक्टरांनी विचारलं की लोहाची गोळी कशाबरोबर घेता?

झुंबरबाईंनी अभिमानाने सांगितलं होतं की मी स्वतः रोज चहाबरोबर देते.

म्हणजे त्या झाकलेल्या पेल्यात चहा होता आणि पुडीत डॉक्टरांचीच गोळी. सुनेचं औषध चुकू नये म्हणून सासू रोज घरून चालत यायची, आणि ऑपरेशन कुणाला कळू नये म्हणून पदराखाली झाकायची. रिकाम्या पोटी गोळी बाधू नये म्हणून वर चहा. चहाने गोळीतलं लोह अंगात शिरू दिलं नाही. दिवसभराच्या बश्यांनी रात्रीची झोप नेली. झोप नाही म्हणून थकवा आणि थकवा आला की पुन्हा चहा. मी चोर बरोबर ओळखला होता, फक्त तो पेल्यात होता. पेला धरणारा हात मायेचा होता.

हे सांगून झुंबरबाई आरतीजवळ सरकल्या. "म्याच पाजत हुते की गं तुला," त्या म्हणाल्या. आरतीने त्यांचा हात धरला आणि तसाच धरून ठेवला. मला भरून आलं. लोखंडाला येतं की नाही, ते तुम्ही ठरवा.

पुढे आसाराम तूर घेऊन आला. आरती गल्ल्यावरच होती. गोरक्षनाथने नोकराचं नाव पुन्हा काढलं नव्हतं. रीतीप्रमाणे चहा आला. आसारामने बशी भरली आणि दुसरी तिच्यासमोर सरकवली. दुकानात चार माणसं बसली होती. मागच्या खेपेची गोष्ट सगळ्यांच्या डोळ्यांत होती. आता नाही म्हटलं तर काय अर्थ निघेल हे मला ठाऊक होतं, तिलाही ठाऊक होतं. झुंबरबाईंनी पदराचं टोक मुठीत धरलं.

आरती म्हणाली, "आसारामभाऊ, तुम्ही घ्या. माझं वजन कमी करायचं ऑपरेशन झालंय. चहाने मला झोप येत नाही आणि गोळ्या लागू होत नाहीत. त्या दिवशी पोतं चुकलं ते त्यापायी."

आसारामने तिची बशी स्वतःकडे ओढून घेतली.

"आधी सांगायचं न्हाई व्हय, वहिनी," तो म्हणाला. "आमी आपलं उगंच काट्याला बोल लावला."

बशी त्याने एका दमात संपवली. बसलेली माणसं पुन्हा भावाचं बोलू लागली. आभाळ कोसळलं नाही. मला आसारामबद्दल फार बरं वाटलं, तरीही त्याच्या तुरीत थोडी ओल होती, ती मी दाखवलीच.

आता ऐका, सगळं एका दिवसात बरं झालं असं नाही. आरतीला इंजेक्शनं घ्यावी लागली. गोळी आता पाण्याबरोबर घेते, चहाच्या वेळेपासून लांब. डाळ, अंडं, दही थोडं थोडं, पण चुकवत नाही. काही दिवस चांगले जातात, काही दिवशी अजून दुपारी मान कलते. तेव्हा ती खोटं हसत नाही, गोरक्षनाथला फोन करून बोलावते आणि आत जाऊन आडवी होते.

गोरक्षनाथने आता लाल आकड्यांचा इलेक्ट्रॉनिक काटा आणला आहे. मी गोदामाच्या दाराशी असतो. माझ्या दांडीवर धूळ बसते, कुणीतरी माझ्यावर घमेलं उपडं घालून ठेवलं आहे. तुम्हाला जमलं तर ते उचला, सांध्यात तेलाचे दोन थेंब सोडा. मी अजून खरं बोलतो. पण मी जेवढं सांगतो तेवढंच खरं असतं, त्यापुढचं मला विचारू नका. माणूस किती उतरला हे मी सांगेन. तो बरा आहे का, हे मला कधीच कळलं नव्हतं.

रोज सकाळी झुंबरबाई दुकानात येतात. हातात पेला असतो, उघडा, त्यात पाणी असतं. सुनेला त्या एकच विचारतात की झोप लागली का. आरती लगेच उत्तर देत नाही. आधी आठवून पाहते आणि मग खरं काय ते सांगते.

मित्रांनो, तुमच्या घरातलं कुणी असं हलकं झालं, तर टाळ्या जरूर वाजवा. मग त्यांच्याजवळ बसा आणि झोपेचं विचारा. आणि "मला काय धाड भरलीय, मी बरी आहे," असं उत्तर फार पटकन आलं, तर माझ्यासारखा थोडासा संशय घ्या.