टाचेतले दोन थेंब

सासरी तिला सगळे चष्मेवाली म्हणत. तिला स्वतःला चष्मा नव्हता, पण ती चष्म्याच्या दुकानात कामाला होती. लोकांच्या नाकावर फ्रेम बसवायची, काड्या वाकवून सरळ करायच्या, कानामागे टोचतंय का विचारायचं, हे तिचं दिवसभराचं काम. गिऱ्हाइकाचा चेहरा विसरला तरी नाक तिच्या लक्षात राहायचं. त्यामुळे मुलगी झाली तेव्हा तिने आधी नाक बघितलं आणि तिला हसूच आलं. मुळाशी बसकं, शेंड्याशी जरा डावीकडे कललेलं. थेट नवऱ्याचं. बिचारीचा चष्मा जन्मभर घसरणार, असं ती म्हणाली आणि नवरा खूश होऊन घरभर सांगत सुटला. मुलीला सगळे ठमी म्हणायला लागले.

नणंदेचं काम जरा वेगळं होतं. डीएनएच्या तपासण्या अजून यायच्या होत्या. मूल कोणाचं असा वाद कोर्टात गेला की नणंद ज्या लॅबमध्ये होती तिथे रक्तं यायची. रक्तात रोगांशी झुंजणाऱ्या अँटिबॉडी असतात, आणि त्यांच्यावरही घराण्याच्या बारीक खुणा असतात, काही आईकडून आलेल्या, काही बापाकडून. नाकासारख्याच, फक्त डोळ्यांना न दिसणाऱ्या. त्या शोधणं हे नणंदेचं काम, आणि त्यात तिचा हात धरणारं कोणी नाही असं तिचं स्वतःचं मत होतं.

त्या लॅबमध्ये एक रीत होती. तपासणी नीट चालली आहे ना हे पडताळायला खुणा माहीत असलेलं रक्त लागायचं, आणि ते तिथली मंडळी आपापल्या घरून आणायची. नणंदेने घरात कोणालाच सोडलं नव्हतं. जेवताना ती सांगायची, "दादाच्या रक्तात एकाच जातीची खूण, दुसरी औषधालाही नाही. वहिनीच्यात बरोब्बर उलटं." सासरे म्हणायचे, "आधी घास गिळू दे. मग पी काय रक्त प्यायचं ते."

ठमी दोन महिन्यांची झाली आणि नणंदेला दम निघेना. अशा उलट्या रक्तांच्या मुलात दोन्ही खुणा सापडणार, आणि तसा नमुना लॅबला हवाच होता. वर्षाच्या आतल्या मुलाचं रक्त तपासायचं नाही, असा तिथे नियम होता. नणंदेची समजूत अशी की हा नियम बाळाच्या नाजूक शिरांसाठी आहे, एवढ्याशा हाताला सुई कुठे टोचणार? मग तिने हाताला हातच लावला नाही. टाचेला टोचून दोन थेंब घेतले. ठमीचा पाय चष्मेवालीनेच धरला होता. ठमी रडली, तेव्हा नणंदेने त्या टाचेचा पापा घेतला.

ठमीच्या रक्तात फक्त आईची खूण निघाली. बापाची नाहीच. बापाकडे दुसरी कुठली खूण नव्हतीच, म्हणजे पोटच्या पोरीत तीच उतरायला हवी होती. नणंदेने पुन्हा पुन्हा करून बघितलं, मग स्वतःच्या आईच्या कानावर घातलं आणि त्या माउलीने मुलाच्या.

नवऱ्याने आरडाओरडा केला नाही. केला असता तर भांडता तरी आलं असतं. तो पलंगाच्या कडेला बसून म्हणाला, "कोणाची आहे तेवढं सांग."

"तुमची."

"रक्त खोटं बोलत नाही."

"म्हणजे मी बोलते?"

तिने ठमीला त्याच्यासमोर धरलं. "नाक तरी बघा तिचं."

"नाकं काय, सगळ्यांची सारखीच असतात," तो म्हणाला. चार दिवसांमागे हाच माणूस ते नाक शेजाऱ्यांना दाखवत फिरत होता. सकाळी ठमीला मांडीवर घेऊन तेल चोळणारी सासू त्या संध्याकाळी आपली दुपटी मोजून परत घेत होती. नणंद आपल्या खोलीतून बाहेर आलीच नाही.

चष्मेवाली वडिलांकडे आली. वडील एकटेच राहात, दोन खोल्यांत. ती कामाला गेली की ठमीला ते सांभाळत. हळूहळू तिचं बरं चाललं होतं, आणि हे कबूल करायची तिला लाज वाटत नव्हती. ठमी चालायला लागली, फ्रेमच्या रिकाम्या डब्यांचे मनोरे रचायला लागली. कोणाला तिच्यावर हक्क सांगायचा नव्हता आणि कोणाला तिचं तोंड बघायचं नव्हतं. ठमी तिची एकटीची होती.

मग नवऱ्याने घटस्फोटाचा दावा लावला. कारण: मुलगी माझी नाही.

वकीलबाईंनी आडपडदा ठेवला नाही. "दोन वाटा आहेत. गप्प बसून मोकळी हो, तो माणूस या मुलीकडे पुन्हा फिरकणार नाही. किंवा कोर्टाकडून तपासणी माग. मुलगी त्याची निघाली तर तुझ्यावरचा डाग गेला. पण मग तो बाप ठरला, आणि बापाला हक्क मिळतात. नीट विचार कर."

"विचार कसला करायचा?" वडील म्हणाले. "मला खाली मान घालून जिना उतरावा लागतो. माझ्या पोरीच्या नावाला काळं फासलंय त्याने."

"बाबा, ठमीला घेऊन जाईल तो."

"नाही नेत. तोंड वर करून उभा राहिला तर मला सांग."

ती तयार झाली. वडिलांसाठी झाली, असं ती सगळ्यांना सांगायची, पण ते अर्धंच खरं होतं. तिला नवऱ्याचा पडलेला चेहरा बघायचा होता. फार बघायचा होता.

कोर्टाने दुसरी लॅब नेमली. तिथल्या मोठ्या डॉक्टरांनी सगळ्यांना समोर बसवून सांगितलं, की मुलीत बापाची खूण स्पष्ट आहे. मग त्यांनी आधीच्या तपासणीबद्दल विचारलं आणि कपाळाला हात लावला. "दोन महिन्यांच्या बाळाच्या अंगात अँटिबॉडी असतात त्या आईच्या. पोटात असताना उसन्या मिळालेल्या. स्वतःच्या पुरेशा व्हायला महिने जातात. तुम्ही तेव्हा तपासलंत ते बाळाचं नव्हतंच, आईचं होतं."

चष्मेवालीने नवऱ्याकडे बघितलं. याच घटकेसाठी ती आली होती.

चेहरा पडलाच नाही. उलट उजळला. त्याचे डोळे भरून आले, तो उठला आणि त्याने ठमीला छातीशी धरलं. "माझी आहे," तो म्हणाला, "माझी आहे." डॉक्टर हसले, सासूने पदर डोळ्यांना लावला, नवऱ्याच्या वकिलाने त्याची पाठ थोपटली. चष्मेवालीकडे कोणी वळून बघितलं नाही. तिच्या वडिलांनी तेवढी मान ताठ केली होती, आणि ते नवऱ्याला काहीच बोलले नाहीत.

ती परत नांदायला गेली नाही. ठमी तिच्याकडेच राहिली, पण दर शनिवारी बापाकडे, असं ठरलं. ठमी मोठी झाली की पुढचं पुढे बघू, असं नवऱ्याचा वकील म्हणाला, आणि ते तिच्या काळजात रुतून बसलं.

पहिल्या शनिवारी नवरा आणि नणंद दोघं आली. नवरा आत ठमीच्या चपला शोधत होता. नणंदेने जिन्यावर चष्मेवालीला गाठलं.

"वहिनी, एक सांगू? मनात ठेवून मला जेवण जात नाही. ठमी सहा महिन्यांची असताना आमच्या साहेबांच्या बोलण्यातून मला तो नियम कळला होता. का आहे ते."

"तेव्हाच?"

"हो."

"मग बोलला का नाहीत, वन्सं?"

"दादाने मला घरात उभं केलं नसतं."

"मला केलं का?"

नणंद रडायला लागली. तेवढ्यात नवरा ठमीला कडेवर घेऊन बाहेर आला. चष्मेवालीने मागचापुढचा विचार केला नाही. तिला वाटलं, आता तरी.

"तुमच्या बहिणीला हे एक वर्षापूर्वीच कळलं होतं," ती म्हणाली. "मुलगी तुमची असू शकते, हे तिला माहीत होतं. ती गप्प बसली."

नवऱ्याने बहिणीकडे बघितलं. बहीण खाली मान घालून उभी होती. त्याने मोकळ्या हाताने तिच्या डोक्यावर हात फिरवला.

"जाऊ दे," तो चष्मेवालीला म्हणाला. "तिला नको बोलूस. चूक माणसाकडूनच होते."

ठमी आईकडे झेपावली. चष्मेवालीने तिची चप्पल नीट चढवली, कानापाशी आलेले केस मागे सारले आणि तिला पुन्हा बापाच्या कडेवर दिलं. शनिवार होता.