भिंतीपलीकडे कोण राहतं?

हरणाच्या शिकारीची मी एक जुनी रायफल आहे, आणि मित्रांनो, माझी सगळी उमर केंटकीच्या डोंगरात एकाच घराण्यात गेली. माझा दस्ता अक्रोडाच्या लाकडाचा आहे. नळीवरचा निळसर रंग आता जागोजागी उडाला आहे. मला घडवणाऱ्या कारागिराने मला एकच गुण दिला: लांब जाणे आणि खोल जाणे. त्या गुणाचा मला फार अभिमान होता.

कार्ल स्टिडम हा माझा मालक. दर शरद ऋतूत तो मला खांद्याला लावून डोंगर चढायचा. त्याने झाडलेली गोळी सहसा वाया गेली नाही. हरीण पडले की त्याचे मांस अर्ध्या आळीत वाटले जाई. लोक मला हातात घेऊन म्हणत, "काय पोरगी आहे ही! झाडाचा बुंधा फोडून पलीकडचं हरीण पाडेल." हे ऐकून मी मनातल्या मनात फुगत असे. घरी आल्यावर कार्ल आधी मला पुसायचा, तेल द्यायचा आणि मगच स्वतः जेवायला बसायचा.

कार्ल गेला तेव्हा त्याची बायको वर्ना एकटी पडली. डोंगरावरचे ओंडक्यांचे घर तिला आवरेना. तिने ते विकले आणि गावात एक जोडघर घेतले, म्हणजे एकाच छपराखाली दोन बिऱ्हाडे आणि मध्ये एक भिंत. वर्नाच्या सामानाबरोबर मीही आले. पण इथे डोंगर नव्हता. मी कपाटामागे उभी राहिले. माझ्यावर धूळ बसली, आणि एका कोळ्याने माझ्या नळीला जाळे विणले. खरे सांगते, मला फार वाईट वाटले.

मग एका आठवड्यात आमच्या रस्त्यावरची दोन घरे फुटली. कार्लचा धाकटा भाऊ ऑर्व्हिल धावत आला. आल्या आल्या त्याने मला बाहेर ओढले आणि वर्नाच्या पलंगाशी टेकवून ठेवले.

"हिच्यासमोर अस्वल टिकत नाही, चोराची काय कथा!" तो म्हणाला. "कोणी दारात दिसला की दाब चाप. विचार करत बसू नकोस."

माझा आनंद गगनात मावेना. पुन्हा कोणाला तरी माझी गरज होती!

दुसऱ्या दिवशी दुपारी वर्ना पलंगावर बसून मला पुसत होती. मी रिकामी होते. तिने मला खांद्याला लावले आणि खोलीच्या दारावर नेम धरून पाहिला. दारापलीकडे अरुंद बोळ, आणि बोळाला लागून ती मधली भिंत. तेवढ्यात त्या भिंतीतून एक इवलीशी शिंक आली.

"देव भलं करो!" सवयीने वर्ना म्हणाली.

"थँक्यू, मिस वर्ना!" भिंतीतून उत्तर आले. "ओटिसला सर्दी झालीये!"

ती शेजारीण टेसा होती. ओटिस तिचे तान्हे बाळ, मार्लन तिचा नवरा. वर्नाने मला हळूच खाली ठेवले. माझी नळी कुठे रोखलेली होती, हे तिच्या ध्यानात आले होते. ती उठली, बोळात गेली आणि बोटाने भिंतीवर टकटक केली. आवाज पोकळ आला. ती तशीच फोनकडे वळली.

"ऑर्व्हिल," तिने फोनवर विचारले, "ही गोळी भिंतीत अडकते ना रे?"

"अडकते की! भिंत ती भिंत."

"मला दाखव."

रविवारी चर्चहून आल्यावर ऑर्व्हिलच्या शेतात मातीच्या उंच बांधासमोर त्यांनी खोट्या भिंती उभ्या केल्या. त्याच्या स्वयंपाकघराच्या छताचे जिप्समचे बोर्ड उरले होते. आमच्या घराच्या भिंती तशाच होत्या, दोन बोर्ड आणि मध्ये पोकळी. एकामागे एक अशा तीन भिंती, आणि त्यांच्यामागे पाण्याने भरलेला दुधाचा कॅन.

पहिली पाळी माझी. ऑर्व्हिलने चाप दाबला. तिन्ही भिंती पार करून मी कॅनच्या चिंधड्या उडवल्या, तरी जोर उरला, तो बांधाने गिळला. मी वाहवेची वाट पाहत होते. वर्ना मात्र फुटलेल्या कॅनकडे चालत गेली.

मग ऑर्व्हिलने स्वतःचे पिस्तूल काढले. ते लहान, म्हणून गोळी अडकेल याची त्याला खात्री होती. त्याची गोळीही तिन्ही भिंती ओलांडून गेली. छऱ्यांच्या बंदुकीत जाड छरे भरले, तेही गेले. शेवटी पाखरांसाठीचे बारीक छरे भरले. ते पहिल्या भिंतीतून गेले, पण दुसऱ्या भिंतीत पोचेपर्यंत पसरले, मंदावले आणि बरेचसे तिथेच अडकले.

"पण बारीक छऱ्याचा घाव वरवरचा," ऑर्व्हिल डोके खाजवत म्हणाला. "चोर थांबेलच असं नाही. आणि एक भिंत तर यानेही फोडलीच."

"म्हणजे चोराला नक्की थांबवेल आणि भिंतीपाशी शहाण्यासारखं अडकून पडेल, असं काहीच नाही," वर्ना म्हणाली. "मग कशाने मारायचं ते नंतर बघू. तोंड कुठे करून उभं राहायचं ते आधी."

त्या संध्याकाळी तिने टेसाला कॉफीला बोलावले. कशी सुरुवात करावी ते तिला सुचेना. शेवटी तिने सरळच सांगून टाकले. "पोरी, ओटिस शिंकला त्या दिवशी माझ्या बंदुकीचं तोंड तुझ्या लेकराच्या पाळण्याकडे होतं. मला माहीत नव्हतं."

मला वाटले, आता ही भांडणार. पण ती उठली, वर्नाच्या पलंगाशी आली आणि भिंतीकडे पाहत मनात काही जुळवू लागली.

"मार्लन रात्रपाळीला जातो ना, म्हणून त्याने माझ्या उशाशी पिस्तूल ठेवलंय," ती सावकाश म्हणाली. "मी इथे झोपते. चोर इथून येणार. म्हणजे मी मारणार…"

तिचे बोट हवेत फिरत फिरत वर्नाच्या उशीवर येऊन थांबले.

मग वर्नाला हसू फुटले. "घ्या! चोर राहिला बाजूला, आपणच एकमेकींना स्वर्गात पोचवणार होतो!" टेसाही हसली, आणि हसता हसता रडली.

त्यानंतर दोन्ही घरांत फर्निचर सरकले. वर्नाचा पलंग अशा कोपऱ्यात गेला की दारामागे धुराड्याची जाड विटांची भिंत यावी. टेसाने पाळणा पलीकडच्या खोलीत नेला आणि स्वतःचा पलंग फिरवला. ऑर्व्हिलने दोन्ही घरांच्या बाहेरच्या आणि झोपायच्या खोलीच्या दारांना भक्कम कड्या बसवल्या. आधी कडी, मग फोन, मग हाक, आणि बंदूक सगळ्यात शेवटी, असे ठरले. वर्नाने बारीक छऱ्यांची हलकी बंदूक घेतली. आणि मी? मला पोलादी कपाटात ठेवून कुलूप लावले. अंधारात मी फार कष्टी झाले. माझा गुणच माझा दोष ठरला होता.

फेब्रुवारीत एके दुपारी बर्फ पडत असताना कोणीतरी वर्नाचे दार धडाधडा बडवू लागले. दाराची मूठ फिरवू लागले, खांद्याने धक्के देऊ लागले. वर्ना खोलीत शिरली, कडी लावली आणि ठरल्या कोपऱ्यात छऱ्यांची बंदूक घेऊन बसली.

"मिस वर्ना, मी पोलिसांना फोन लावलाय!" टेसा भिंतीतून ओरडली.

बाहेरचे दार टिकले. वर्नाला दम घ्यायला वेळ मिळाला. "कोण आहे?" तिने मोठ्याने विचारले.

"लॉरीन, दार उघड गं! गारठलो ना मी!"

वर्नाने तो खर्जातला आवाज ओळखला. चर्चमध्ये वर्षानुवर्षे गाणारे म्हातारे होबर्ट प्रुइट! एके काळी ते याच घरात राहत. लॉरीन त्यांची बायको, केव्हाच वारलेली. हल्ली त्यांना काही आठवत नसे.

वर्नाने बंदूक रिकामी करून ठेवली आणि दार उघडले. पायांत सपाता, केसांत बर्फ. तिने त्यांना कार्लचा कोट पांघरला. टेसा ओटिसला कडेवर घेऊन धावत आली. पोलीस पोचले तेव्हा होबर्ट मक्याच्या पावाबरोबर कॉफी पीत होते आणि बाळाला गाणे म्हणून दाखवत होते.

कपाटात मी ते गाणे ऐकत होते. मी त्या दिवशी पलंगाशी असते तर? दार कच्चे असते तर? त्या क्षणापासून मला कुलपाचा राग उरला नाही. आता शरद आला की ऑर्व्हिल मला डोंगरावर नेतो. तिथे मागे मातीचा उतार असेल तरच तो चाप दाबतो.

मित्रांनो, आम्हाला दिशा कळते, माणूस कळत नाही. तो समजून घेणे तुमचे काम आहे. म्हणून ज्या घरात आमच्यापैकी कोणी असेल, त्या घराने आम्हाला तेल द्यावे, कुलूप द्यावे, लहानांच्या हाती कधी लागू देऊ नये. आणि भिंतीपलीकडे जो राहतो, त्याचे नाव आधी विचारून घ्यावे.