बटणांच्या डब्यात गोळ्या

मित्रांनो, मी एक जुना पत्र्याचा डबा आहे. माझ्या झाकणावर पूर्वी निळा रंग होता. आता तो आहे असे मी म्हणतो आणि बघणारे दाक्षिण्य म्हणून मान डोलावतात. माझे एक बिजागर सैल झाले आहे, त्यामुळे मी पूर्ण मिटत नाही. तोंड थोडे उघडे राहतेच. तेव्हा बोलून घेतो.

मला एका पत्रेकाम करणाऱ्या कारागिराने घडवले. मास्तरांनी तेव्हा शिवणकामाचे नवे दुकान टाकले होते. ते कारागिराला म्हणाले, "बटणांसाठी डबा पाहिजे. आत खण पाहिजेत, भरपूर."

"खण करतो. पण पत्र्याने बोट कापलं तर माझ्या नावाने ओरडायचं नाही," कारागीर म्हणाला.

"अहो, मी शिंपी आहे. माझी बोटं रोजच सुईने टोचलेली असतात."

असा मी दुकानात आलो. शर्टाची चार भोकांची बटणे, कोटाची जाड बटणे, लहान मुलांच्या झबल्यांची शिंपल्यासारखी बटणे, हूक, टिचबटणे, सगळ्यांना मी जागा दिली. मास्तर कापड बेतत आणि शिवत. काज-बटणाचे काम त्यांची थोरली बहीण, आक्का, करी. नवरा गेल्यावर ती भावाकडे आली आणि दुकानामागच्या दोन खोल्यांत राहू लागली. मास्तरांची बायको लवकर गेली, तेव्हा त्यांच्या लेकीला आक्कानेच वाढवले. बाकी वेळ ती माझ्याशेजारी खुर्ची टाकून बसे आणि न बघता माझ्यात हात घालून हवे ते बटण काढी.

ती एका बाबतीत फार कडक होती. गिऱ्हाइकाने स्वतःची बटणे आणून दिली, की ती वेगळ्या खणात जात. एका गिऱ्हाइकाची बटणे दुसऱ्याच्या कपड्याला लागलेली तिला खपत नसत. मास्तर एकदा घाईत म्हणाले, "अगं आक्का, सारखीच तर दिसतायत. लाव की त्यातलं एक."

"दिसण्यावर जातोस? हे धुतल्यावर पिवळं पडेल आणि बाकीची पांढरी राहतील. मग त्याने कॉलर धरली की मला हाक मारशील."

मास्तर हसले आणि दोरा ओवू लागले. लोक माझे कौतुकही करत. "मास्तर, तुमच्याकडे जुन्यातलं जुनं बटण मिळतं बघा," असे म्हणत आणि आत डोकावत. मीही थोडा फुगत असे. अर्थात पत्रा किती फुगणार.

पुढे लोक तयार कपडे घेऊ लागले. काम आटले. उसवलेले शिवणे, पँट आखूड करणे, चेन बदलणे एवढेच उरले. लेकीचे लग्न झाले, ती गावाच्या दुसऱ्या टोकाला राहायला गेली आणि बँकेत नोकरी करू लागली. बटणे एका कापडी पिशवीत गेली आणि मी शिवणयंत्राखाली गेलो. तिथे मी बरेच दिवस चिंध्या आणि झुरळे यांच्या सहवासात काढले. त्याबद्दल माझी तक्रार नाही. झुरळे शांत असतात.

मग मास्तरांच्या छातीत धडधड सुरू झाली. ठोके एकसारखे पडेनात. हृदयाच्या डॉक्टरांनी तपासून सांगितले की अशा ठोक्यांमुळे रक्ताची गुठळी होऊ शकते, म्हणून रक्त पातळ ठेवायची गोळी रोज घ्यावी लागेल. रक्तदाबाच्या गोळ्या आधीपासून होत्याच. त्याच सुमारास आक्काच्या गुडघ्यांनी संप पुकारला. ती हाडांच्या डॉक्टरांकडे गेली आणि पिवळ्या गोळ्या घेऊन आली. थोडे दिवस घ्या, मग मला दाखवा, असे डॉक्टरांनी सांगितले होते. गोळ्यांनी गुण आला, आणि ज्याने गुण आला त्याला पुन्हा कशाला दाखवायचे, असा आक्काने विचार केला. संपल्या की ती रिकामे पाकीट घेऊन कोपऱ्यावरच्या औषधाच्या दुकानात जाई आणि तसल्याच आणखी घेऊन येई.

मास्तरांची औषधे मात्र लेक आणत असे, बँकेजवळच्या दुकानातून. दोन डॉक्टर, दोन दुकाने, दोन पिशव्या. या सगळ्याला एका जागी पाहणारे या जगात कुणी असेल तर तो मी होतो. मला तोंड आहे, पण त्या घरातल्यांना ऐकू जाईल अशी वाचा नाही.

होय, गोळ्यांसाठी आक्काने मलाच बाहेर काढले. मला धुतले, पुसले, उन्हात ठेवले. मग ती मोठी कात्री घेऊन बसली. गोळ्यांची पाकिटे माझ्या खणांत मावत नव्हती, म्हणून तिने ती एकेका गोळीपुरती कापली. डाव्या बाजूच्या खणांत भावाच्या, उजव्या बाजूच्या खणांत स्वतःच्या. सकाळची, दुपारची, रात्रीची. पुठ्ठ्याची खोकी आणि आतले घडीचे कागद तिने रद्दीत टाकले. "बाई, किती बारीक अक्षरं! मुंगीला वाचायला छापलंय," असे म्हणाली.

लेक आली तेव्हा तिने पाहिले आणि हसून म्हणाली, "आत्या, तू गोळ्यांचीसुद्धा काज-बटणं केलीस गं!"

"मग? चुकायला नको."

आणि काही दिवस खरेच काही चुकले नाही.

नंतर मास्तरांचा उजवा खांदा धरला. आयुष्यभर जड इस्त्री फिरवलेला खांदा तो. शर्ट घालताना ते "आई गं" म्हणू लागले. आक्का रोज ऐकत होती. एका सकाळी तिने माझ्या उजव्या खणातून एक पिवळी गोळी उचलली आणि त्यांच्या तळहातावर ठेवली.

"ही काय आता?"

"घे. मला लागू पडली ना? एकाच आईची लेकरं आपण. तुला का नाही पडणार?"

मास्तरांनी घेतली. दुपारपर्यंत खांदा मोकळा झाला. संध्याकाळी त्यांनी स्वतःहून हात पुढे केला. पुढच्या आठवड्यापासून पिवळ्या गोळ्या डाव्या बाजूलाही पडू लागल्या, सकाळच्या खणात एक आणि रात्रीच्या खणात एक. आक्काला आनंद झाला होता. भावाला कधी नव्हे ते काही देता आले होते.

मध्ये मास्तर हृदयाच्या डॉक्टरांना दाखवून आले. डॉक्टरांनी विचारले होते, "आणखी कुठली औषधं चालू आहेत?" मास्तरांनी सांगितले, "नाही हो, दुसरं काही नाही." घरी येऊन त्यांनी हे आक्काला जसेच्या तसे सांगितले, आणि दोघांपैकी कुणालाच त्यात खोटे काही वाटले नाही. आक्काची गोळी त्यांच्या लेखी औषध नव्हतीच. बहिणीने वाढलेल्या आमटीसारखी ती घरातली गोष्ट होती. आमटी कुणी डॉक्टरांना सांगते का?

त्यानंतर जे झाले ते हळूहळू झाले. मास्तरांच्या हातांवर जांभळे डाग दिसू लागले. कशाला आपटलो ते त्यांना आठवत नसे. एकदा सुई बोटात गेली आणि रक्त थांबेना. बोटाला दोरा गुंडाळून ते काम करत राहिले, आणि एका पांढऱ्या शर्टाच्या कॉलरला डाग पडला. आक्काने शर्ट त्यांच्या नाकासमोर धरला.

"डोळे गेले का तुझे? एवढी वर्षं एक डाग नाही आपल्या दुकानात!"

"वय झालं, आक्का."

"मी तुझ्याहून मोठी आहे. माझ्याने पडतो का डाग?"

पोटात जळजळ होत होती, तेही वयावर गेले. शौचाला डांबरासारखे काळे होत होते, हे मास्तरांनी कुणालाच सांगितले नाही. बहिणीला काय सांगायचे, लेकीला कसे सांगायचे. चेहरा पांढरा पडत चालला होता. वय हे फार सोयीचे पोते आहे मित्रांनो, त्यात लोक काहीही कोंबतात.

एका सकाळी एक गिऱ्हाईक पँट आखूड करायला आले होते. मास्तर माप घ्यायला वाकले आणि वर उठलेच नाहीत. गळ्यातला टेप गिऱ्हाइकाच्या बुटावर पडला. त्या भल्या माणसाने त्यांना गाडीत घालून दवाखान्यात नेले. आक्काने लेकीला फोन केला. लेक घाईघाईने घरी आली, आत्याला घेतले, आणि "औषधं काय घेतात ते विचारतील" म्हणून मलाही काखेत मारले.

दवाखान्यात मला एका टेबलावर उघडून ठेवण्यात आले. एक तरुण डॉक्टरीण माझ्यावर वाकली. तिने एक तुकडा उचलला. त्यावर नावाचे नुसते शेपूट होते. दुसरा उचलला. त्यावर तारीख होती आणि नाव कात्रीखाली गेले होते.

"यातलं काय कशासाठी आहे?"

"ही रक्त पातळ करायची," लेक म्हणाली. "या दोन रक्तदाबाच्या. नावं मोबाईलमध्ये आहेत, देते. आणि ही पिवळी... ही माहीत नाही मला."

"त्यांच्या पोटात रक्तस्राव होतोय आणि बराच होतोय. रक्त आम्ही चढवतोय. पण नुसत्या या एका गोळीने एवढं व्हायला नको होतं. दुखण्यावरची एखादी गोळी घेत होते का? आठवा. नेमकं कळलं तर पुढचं ठरवता येईल."

"नाही हो. असलं काही मी आणूच देत नाही."

आक्का भिंतीलगतच्या बाकावर बसली होती. ती माझ्याकडे बघत नव्हती. पदराचे टोक बोटाला गुंडाळत होती आणि सोडत होती. आत मास्तर शुद्ध-बेशुद्धीच्या मध्ये होते, आणि ती बोलली असती तर घरात आणि घराबाहेर तिला काय म्हणतील हे तिला दिसत होते. भावाच्या घरी राहिली आणि भावालाच. हे वाक्य कुणी बोलले नव्हते. तिने ते आधीच ऐकले होते.

डॉक्टरीण वळली आणि चालू लागली.

"थांबा हो बाई."

आक्का गुडघ्यांवर हात ठेवून उठली. टेबलापाशी आली. न चाचपडता तिने माझ्या डाव्या बाजूच्या खणातून पिवळी गोळी काढली.

"ही माझी आहे. माझ्या गुडघ्याची. त्याला मीच देत होते."

लेकीच्या तोंडून फक्त "आत्या!" एवढेच आले.

"कधीपासून?" डॉक्टरिणीने विचारले.

"खांदा दुखायला लागल्यापासून. सकाळी एक, रात्री एक. न कापलेलं पाकीट घरी आहे, पिशवीत. आणायला कुणाला तरी पाठवा." मग ती हळू आवाजात म्हणाली, "मी त्याला मारलं का हो?"

डॉक्टरीण रागावली नाही. रागवायला तिला वेळच नव्हता. "सांगितलंत ते फार बरं केलंत," ती म्हणाली. "हे बघा, त्यांची रक्त पातळ करायची गोळी रक्त गोठू देत नाही. तुमच्या पिवळीने पोटाच्या आतल्या बाजूला जखम होऊ शकते. एकएकटी गोळी डॉक्टर विचार करून देतात. दोन्ही एकत्र गेल्या की जखम होते आणि रक्त थांबायचं नाव घेत नाही. आता आम्हाला कळलं कशाशी लढायचंय." आणि ती जवळजवळ पळतच आत गेली.

त्या दिवशी तोंडातून बारीक नळी घालून पोटातली जखम शोधली गेली आणि बंद केली गेली. दोन दिवस काही सांगता येत नव्हते. तिसऱ्या दिवशी मास्तरांनी डोळे उघडून शेजारच्या खाटेवरच्या माणसाच्या सदऱ्याकडे पाहिले आणि म्हणाले, "खांद्याला सैल झालाय. कुणी शिवला?" लेक रडली. मग हसली. पण आत्याशी ती बोलली नाही.

घरी आल्यावरही चार दिवस तो अबोला चालू होता. शेवटी मास्तरच म्हणाले, "अगं, तिने दिली म्हणून तिच्याशी बोलत नाहीस, आणि मी घेतली म्हणून माझे पाय चेपतेस. हा कुठला न्याय?"

लेकीने त्यांचे पाय खाली ठेवले. मग आत्याजवळ जाऊन बसली. "सांगितलं नसतंस तर?" एवढेच तिने विचारले. आक्का पदराचे टोक बोटाला गुंडाळू लागली. लेकीने तिचा हात हातात घेतला आणि तो पुष्कळ वेळ सोडला नाही.

मास्तर इतके घाबरले होते की ते सगळ्याच गोळ्या गटारात टाकायला निघाले होते. हृदयाच्या डॉक्टरांनी त्यांना बजावले, की आपल्या मनाने औषध सुरू करणे जेवढे वाईट तेवढेच ते आपल्या मनाने बंद करणेही. रक्त पातळ करायची गोळी त्यांनी काही दिवस थांबवली आणि मग तपासून पुन्हा दिली. मास्तरांनी पक्कड घेऊन माझे खण उपटून काढले. आता माझ्यात अख्खी पाकिटे राहतात, आपापल्या खोक्यात, घडीच्या कागदासकट. ती फक्त मास्तरांची. आक्काची औषधे दुसऱ्या खोलीत खुंटीला टांगलेल्या पिशवीत असतात. दोघे कुठल्याही डॉक्टरांकडे गेले, दातांच्यासुद्धा, तरी मी किंवा ती पिशवी बरोबर जातोच. औषधे आता एकाच दुकानातून येतात. तिथला माणूस नवी गोळी देण्याआधी जुन्या कुठल्या ते विचारतो. विचारायला विसरला तर आक्का त्याला आठवण करून देते, आणि ती कशी आठवण करून देते ते रांगेतल्या सगळ्यांना ऐकू जाते.

मित्रांनो, मी पत्रा आहे. ज्याने जे ठेवले ते मी सांभाळले. बरे-वाईट ठरवणे माझ्या कामात बसत नाही. पण तुमच्या घरीही माझ्यासारखा एखादा डबा असेल, फ्रीजवर, उशाशी, कपाटात. तो एकदा उघडून बघा. आजोबांना, मावशीला, शेजारच्या काकांना विचारा, कोण कुणाची गोळी घेते आहे. दुखण्यावरची, झोपेची, सर्दीची, ताकदीची, काढा असला तरी तोही डॉक्टरांना सांगायला लावा. त्यांनी "काही नाही" म्हटले तर तुम्ही सांगा. आणि तुमच्यापुढे कुणी मायेने आपली गोळी धरली, तर मायेला हो म्हणा आणि गोळीला नको म्हणा.

मास्तरांचा खांदा अजून दुखतो. काल संध्याकाळी ते खुर्चीत बसून आक्काला म्हणत होते, "अर्धी तरी दे गं. कुणाला कळणार आहे?"

आक्का इस्त्रीने फडके गरम करत होती. तिने ते स्वतःच्या गालाला लावून पाहिले आणि त्यांच्या खांद्यावर दाबून धरले.

"आई गं! दुखतंय, आक्का."

"दुखू दे," आक्का म्हणाली. "तू ओरडतोस म्हणजे आहेस. तोवर मला झोप लागते."