गोपिकेनं भरलेली बॅटरी

या, असे पुढे सरकून बसा. तबला पेटीच्या सुरात लागतोय तोवर तुम्हाला एक गोष्ट सांगतो. आपल्या हिंगण्याच्याच रुपराव सुताराची. डोळे भरले तर भरू द्या, देवापुढे कसली लाज?

रुपराव आणि त्याची बायको गोपिका घरोघरी कपाटं बसवायचे. तो फळी धरायचा, ती स्क्रू मारायची. बिनवायरची ड्रिल एक, बॅटऱ्या दोन. एकाच दिवशी घेतलेल्या, अगदी जुळ्या. ओळखू यावं म्हणून गोपिकेनं एकीवर नेलपॉलिशचा लाल ठिपका दिला होता.

आषाढातल्या एका संध्याकाळी तिनं ठिपक्याची बॅटरी चार्ज करून ठेवली. म्हणाली, "उद्या देवळातलं पेटीचं टेबल पुरं करून टाकू. भजनाचे बुवा बिचारे मांडीवर पेटी घेऊन बसून राहिले."

पहाटे तिच्या छातीत कळ आली. दवाखान्याच्या वाटेवरच गेली.

टेबल तसंच राहिलं. रुपराव दुसऱ्या बॅटरीवर कामं ओढू लागला. ठिपक्याची देवघरात ठेवली. चार्ज किती उरलाय ते दाखवणारं तिचं बटण रोज दाबायचा. हिरवे दिवे लागले की म्हणायचा, गोपिकेच्या हातचं आहे अजून. मग दोन घास खायचा.

खंडेनवमीला थोरला भाऊ आनंदराव वाडीहून आला. रुपराव झेंडूची फुलं घेऊन परतला, तर पाटावर रंधा, करवत, ड्रिल आणि दोन्ही बॅटऱ्या, लख्ख पुसलेल्या.

"दादा, ठिपका कुठी गेला?"

"थिनरनं पुसला. डाग होता गा. अन् दोन्ही फुल चार्ज केल्या. बिनधारेचा रंधा कधी पूजेले ठेवला का बाबानं? मंग रिकामी बॅटरी कशी ठेवू?"

"ठिपका कोणतीवर होता?"

"ध्यान नाही दिलं."

रुपरावनं दोन्ही उचलल्या. वजन तेच. अठरा व्होल्टचं लेबल तेच. ओरखडे दोन्हींवर. बटणं दाबली, इकडे चार दिवे, तिकडे चार.

"काय पाहून राहिला गा? दोन्ही सारख्याच हायेत."

"नव्हत्या, दादा. एक गोपिकेनं भरली होती. शेवटची."

आनंदरावचा कुंकवाचा हात तसाच थांबला. "मले काहून नाही सांगितलं?"

"हसला असता तू."

"हसलो असतो गा," म्हणत आनंदराव पाटासमोरच ढसाढसा रडला. रागवायचं तरी कोणावर? त्यानं तर देवासाठीच केलं होतं.

दसरा झाल्यावर दोघे भाऊ देवळात आले. फळी आनंदरावनं धरली. रुपरावनं अर्धे स्क्रू एका बॅटरीवर मारले, अर्धे दुसरीवर. प्रत्येक वेळी कान लावून ऐकलं. आवाज एकच. शेवटचा स्क्रू बसला तरी गोपिकेची बॅटरी कोणती, ते त्याला कळलं नाही. फळीवर डोकं टेकवून तो कितीतरी वेळ तसाच बसला.

समोर पेटी ठेवलीय ना, तेच ते टेबल. आता सूर लागेल. देवाला हात जोडाल तेव्हा आमच्या गोपिकेचीही आठवण करा, एवढंच मागतो.